अबू नासेरच्या पिकअपची खडखड

अबू नासेर यांचा तिसरा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच गाडीचं जॉब कार्ड फाइलला लावत होतो. कार्डावर सगळ्यात खाली माझं अक्षर होतं. 'रोड टेस्ट केली. आवाज नाही. ओके.' त्याखाली माझी सही. सही माझी चांगली आहे, शाळेपासून.

"सावंत," अबू नासेर फोनवर शांतपणे म्हणाले, "आवाज मौजूद."

गिऱ्हाईक ओरडलं तर बरं असतं. ओरडून मोकळं होतं. हे गृहस्थ कधी ओरडले नाहीत. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, मस्कतलगतच्या सीबला समुद्राजवळ घर, स्वतःची छोटी होडी आणि ती ओढायला डबल केबिन पिकअप. मासे विकायला नाही, हौसेसाठी धरायचे. पुढच्या आठवड्यात बायको आणि बहिणीला घेऊन ते सलालाहला निघणार होते. जुलैमध्ये मस्कत भट्टीसारखं तापतं आणि सलालाहला भुरभुर पाऊस असतो, म्हणून अर्धा देश तिकडे जातो. हजार किलोमीटरचा रस्ता, मध्ये मैलोन् मैल काही नाही. पुढच्या चाकांपाशी खडखडणारी गाडी घेऊन तिथे कोण जाईल?

"उद्या घेऊन या, अर्बाब," मी म्हणालो. अर्बाब म्हणजे मालक.

"नहीं. तीन बार लाया. अभी तुम आओ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराची. मी तेव्हा मस्कतमधल्या अझैबातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये क्यूसी होतो. क्यूसी म्हणजे दुरुस्ती झालेली गाडी शेवटी तपासणारा माणूस. मेकॅनिक काम करतो, क्यूसी गाडी चालवून बघतो, सही करतो, मग गाडी गिऱ्हाइकाला जाते. दुरुस्त झालेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली की तिला 'कमबॅक' म्हणतात. क्रिकेटमध्ये हा शब्द चांगला आहे. गॅरेजमध्ये नाही.

अबू नासेर यांच्या गाडीचे महिन्यात तीन कमबॅक झाले. तिन्ही रफिकभाईंच्या नावावर होते.

रफिकभाई दाभोळकडचे. वय पंचावन्नच्या पुढे. सव्वीस वर्षं मस्कतमध्ये, आणि त्यातली बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांखाली गेलेली. मी चिपळूणचा, त्यामुळे आमचं गूळपीठ होतं. ते मला 'तू' म्हणायचे आणि मी त्यांना 'तुम्ही'. रफिकभाईंना कामाबद्दल काही शिकवायला जाणं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवणं. पण त्यांचा व्हिसा त्या महिन्यात संपत होता आणि आणखी दोन वर्षं मिळवण्यासाठी ते देव पाण्यात घालून बसले होते, म्हणजे त्यांच्या भाषेत दुवा मागत होते. मुलगी रत्नागिरीला फार्मसी शिकत होती. तिची दोन वर्षं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप मॅनेजर थॉमससाहेबांनी मला आत बोलावलं. साहेब केरळचे, माणूस वाईट नाही, पण कागदावर जे असेल तेच त्यांना दिसायचं.

"सावंत, संडे को रिन्यूअल लिस्ट हेड ऑफिस जाएगा," ते म्हणाले. "रफिक का नाम मैं नहीं डाल रहा. थ्री कमबॅक्स इन वन मंथ. उमर भी हो गया."

"सर, आदमी अच्छा है."

"अच्छा आदमी बोल्ट टाइट करता है. तुम ने ही बोला था ना, फिटिंग लूज हो रहा है?"

बोललो होतो. खोटं कशाला सांगू. दुसऱ्या कमबॅकच्या वेळी साहेबांनी विचारलं, गाडी गॅरेजमधून निघते तेव्हा आवाज नसतो आणि दुसऱ्या दिवशी असतो, हे कसं? मी म्हणालो, बहुतेक काहीतरी ढिलं होत असणार. सहज बोलून गेलो. माझी टेस्ट चुकीची असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. क्यूसीला तशी सवय नसते.

रफिकभाईंना मी सगळं सांगितलं, फक्त 'लूज' हा शब्द साहेबांना कोणी दिला ते सोडून. ते एका गाडीखालून बाहेर आले, हात पुसले.

"मी घट्ट केलंय, सावंत. पेंट पण मारलाय. तुला ठावं हाय मी पेंट मारतो ता."

मला ठाऊक होतं. नट घट्ट केला की ते नट आणि बोल्ट दोन्हींवरून पिवळ्या पेंटची एक रेघ ओढायचे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. गॅरेजमध्ये एवढा सोस दुसऱ्या कुणाला नव्हता.

"उद्या जुम्म्यानंतर माझ्याबरोबर सीबला चला," मी म्हणालो. "रविवारी लिस्ट जायच्या आत हा आवाज सापडला पाहिजे."

त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

शुक्रवारी आम्हाला सुट्टी. अल मवालेहच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना माझ्या मुलीने दारात अडवलं. इंडियन स्कूलची सातवी, मराठी बेतानेच. "बाबा, आज तर हॉलिडे आहे. तू कुठे जाते?"

"आवाज ऐकायला."

"यू आर सो वियर्ड," असं म्हणून ती आत गेली. तिचंही बरोबर होतं.

सीबला पोचल्यावर लगेच काम सुरू होईल असं ज्याला वाटतं तो ओमानमध्ये नवीन आहे. आधी खजूर, मग कावा म्हणजे बिनदुधाची कॉफी, मग घरचे सगळे कसे आहेत, मग पुन्हा कावा. कप हलवून 'आता पुरे' अशी खूण केल्याशिवाय ते ओतत राहतात. रफिकभाई एकेक घोट घेत होते, पण त्यांचं लक्ष शेडमधल्या पिकअपकडे होतं.

शेवटी ते उठले, जमिनीवर एक पुठ्ठा टाकला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. मीही दुसऱ्या बाजूने शिरलो. तीन खेपांत आम्ही काय काय केलं होतं ते सगळं समोर दिसत होतं. पहिल्या वेळी स्टॅबिलायझर बारच्या दोन्ही बाजूंच्या लिंक आणि बुश नवे टाकले होते. स्टॅबिलायझर बार म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारी आडवी लोखंडी कांब. वळणावर गाडी एका बाजूला कलंडू नये म्हणून असते. ती दोन रबरी बुशांमधून जाते आणि बुश चॅसीला घट्ट बसवलेले असतात. दुसऱ्या वेळी वरच्या आर्मचा बॉल जॉइंट बदलला. तिसऱ्या वेळी शॉक ॲब्झॉर्बरची वरची माउंटिंग. प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. टॉर्च मारून मी एकूण एक बघितली. एकही तुटलेली नव्हती.

"बघ," रफिकभाई गाडीखालून म्हणाले. एवढंच.

म्हणजे काहीही ढिलं झालेलं नव्हतं. माझा शब्द फुकट गेला होता, आणि त्या शब्दाने त्यांचं नाव लिस्टमधून बाहेर काढलं होतं. तिथे वाळूत पाठ टेकून पडल्या पडल्या मला स्वतःची लाज वाटली.

"यल्ला, चलो," अबू नासेर म्हणाले. "अभी सुनो."

गाडी धुळीने माखली होती. ते चालवायला बसले, रफिकभाई पुढे, मी मागे. मागे ट्रेलर, कारण होडी पाण्यात होती आणि ती बाहेर काढायची होती. गल्लीतल्या पहिल्याच स्पीड ब्रेकरवर आवाज आला. टक-टक, खडखड, टक. पुढे कच्चा रस्ता लागला तेव्हा तर जेवणाच्या डब्यात चमचा राहिल्यासारखं वाजायला लागलं. मी तीन वेळा ही गाडी चालवली होती आणि यातलं काहीच ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आपले कान गेले की काय.

"डावीकडे जास्त हाय," रफिकभाई डोळे मिटून म्हणाले. "पण उजवीकडे पण हाय."

किनाऱ्यावर अबू नासेर यांनी ट्रेलर उलटा पाण्यात घातला. पिकअपची मागची चाकं पाण्यात, मग पुढचीही निम्मी. पाणी खाली सगळीकडे शिरलं. त्यांनी होडी ओढून ट्रेलरवर घेतली, बांधली, आणि आम्ही त्याच कच्च्या रस्त्याने परत निघालो.

गाडी गप्प.

तोच रस्ता, तेच खड्डे, वर होडीचं वजन. आणि काही नाही. स्पीड ब्रेकर आला, गेला. रफिकभाईंनी डोळे उघडले.

"समुद्र जाने के बाद आवाज माफी," अबू नासेर म्हणाले. माफी म्हणजे नाही. "घर में खडा किया, सूखा, फिर मौजूद. मैं पहला दिन बोला. तुम्हारा आदमी हसा."

हसला तो आमचा माणूस म्हणजे मी. पहिल्या दिवशी काउंटरवर हे त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी म्हणालो होतो, अर्बाब, मग रोज समुद्रावर जा.

रफिकभाई मागे वळले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आपल्याकडे गाडी टेस्टला कधी जाते रे? धुवायच्या आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हणालो.

हे जरा समजावून सांगायला हवं. मस्कतमध्ये मळलेली गाडी रस्त्यावर आणली तर पोलीस दंड करतात. नवीन माणसाला हे खरं वाटत नाही, पण तसं आहे. दोन वर्षांपूर्वी एक चिखलाने माखलेली गाडी टेस्टला नेताना मला पोलिसांनी थांबवलं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीवर गॅरेजमुळे दंड, म्हणजे केवढी नाचक्की. तेव्हा मी नियम केला, आधी गाडी वॉशिंग बेमध्ये जाईल, वरून खालून प्रेशरने धुतली जाईल, मग रोड टेस्ट. साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो टाइप करून, लॅमिनेट करून भिंतीवर लावला. खाली माझं नाव. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी.

म्हणजे तिन्ही वेळा मी ओली गाडी चालवली होती. बुशाचं रबर आणि बारचं लोखंड कोरडं असताना एकमेकांना चिकटतं आणि झटक्यात सुटतं, तेव्हा आवाज होतो. मध्ये पाणी असलं की ते घसरतं, आवाज होत नाही. दुसऱ्या दिवशी मस्कतच्या उन्हात पाणी सुकलं की पुन्हा खडखड. काखेत कळसा आणि आम्ही तीन वेळा गावाला वळसा घालून आलो होतो.

घरी परत येताना माझ्या गाडीत आम्ही दोघंच होतो. रफिकभाई खिडकीबाहेर बघत होते.

"आता साहेबाला काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"बुशापाशी काहीतरी आहे, ते दुरुस्त केलं, असं."

"हूं."

त्यात खोटं काही नव्हतं. पण तसं सांगितलं की तीन कमबॅक रफिकभाईंच्याच नावावर राहणार आणि रविवारी लिस्ट त्यांच्याशिवाय जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसरीकडे, असिस्टंट वर्कशॉप मॅनेजरची जागा रिकामी होती आणि साहेबांच्या मनात माझं नाव होतं. त्या नावामागे भिंतीवरच्या कागदाचा मोठा हात होता. मी देवमाणूस नाही. मवालेहच्या सिग्नलपर्यंत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. रफिकभाईंनी एक शब्द काढला नाही. त्यांनी गळ घातली असती, तर मला बरं वाटलं असतं. मग मी निदान उपकार केल्यासारखा वागलो असतो.

शनिवारी सकाळी अबू नासेर गाडी घेऊन आले. मी फोनवर त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, गाडीला पाणी लावू नका. धुळीसकट या, दंड झाला तर मी भरेन. मी थॉमससाहेबांना हाक मारली आणि पुढच्या सीटवर बसवलं. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत, खडीवरून गाडी फिरवली. खडखड ऐकून साहेबांचा चेहरा पडला.

"अभी देखिए, सर."

मी उतरलो, गाडीखाली वाकून डाव्या बुशावर प्यायच्या पाण्याची अख्खी बाटली ओतली. पुन्हा फेरी. आवाज निम्मा झाला. दुसरी बाटली उजव्या बुशावर. पुन्हा फेरी. आवाज बंद.

साहेबांनी माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं. हुशार माणूस, त्यांना पुढचं कळलं.

"हम टेस्ट के पहले वॉश करते हैं."

"हो सर. म्हणजे, यस सर."

"यह रूल किस ने बनाया?"

"मी. मैंने. दीवार पर मेरा नाम है. लूज हो रहा है, वो भी मैंने बोला था. रफिकभाई का एक भी बोल्ट लूज नहीं है, कल मैंने खुद देखा. तीनों बार क्यूसी ने गीली गाडी पास की. पहली टेस्ट में मुझे आवाज मिलता तो एक भी कमबॅक होता ही नहीं."

"देन हूज कमबॅक इज इट?"

"मेरा, सर. तीनों."

चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्याला मध्येच आठवावं की चोर आपणच आहोत, तसं माझं झालं होतं. गंमत म्हणजे बोलून झाल्यावर हलकं वाटलं. असिस्टंट मॅनेजरची खुर्ची डोळ्यांसमोरून जाताना दिसली, पण खुर्च्या काय, येतात आणि जातात.

मग रफिकभाईंनी बार पूर्ण खाली काढला. आतापर्यंत तो कुणी काढला नव्हता. हे बुश एका बाजूने चिरलेले असतात, त्यामुळे बार न काढता जुना ओढून नवा सरकवता येतो. सगळे तसंच करतात, कार्डावर वेळही तेवढाच लिहिलेला असतो. बार बाहेर आल्यावर कळलं. दर आठवड्याला खाऱ्या पाण्यात जाऊन बुशाखालचा रंग उडाला होता आणि बारची वरची बाजू, जी खालून कधीच दिसत नाही, ती गंजून खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. मी हात फिरवला. खोबऱ्याच्या किसणीवर फिरवल्यासारखं वाटलं. त्यावर नवा बुश टाका नाहीतर सोन्याचा टाका, आवाज येणारच.

बार मेन स्टोअरमधून दुपारपर्यंत आला. रफिकभाईंनी नवे बुश सिलिकॉन ग्रीस लावून बसवले. साधं ग्रीस रबराला लावायचं नसतं, रबर फुगतं. नट घट्ट केले, पिवळ्या रेघा ओढल्या. मी न धुतलेली गाडी मागच्या खडीवर अर्धा तास फिरवली. मग अबू नासेर यांनी फिरवली. मग साहेबांनी, कुणी सांगितलं नसताना.

"खलास?" मी विचारलं.

"खलास," अबू नासेर म्हणाले, आणि मग माझा हात सोडून रफिकभाईंचा हात धरला आणि बराच वेळ हलवत राहिले.

रविवारी सकाळी लिस्ट गेली. रफिकभाईंचं नाव त्यात होतं, थॉमससाहेबांनी माझ्यासमोर टाइप केलं. भिंतीवरचा कागद उतरवला गेला. नवीन नियमात आधी काचा, दिवे आणि नंबर प्लेट पुसायची, बाहेरून जरा कपडा मारायचा, कोरडी टेस्ट मागच्या जागेत करायची आणि मगच धुवायला पाठवायची असं लिहिलं. त्याखाली साहेबांनी कुणाचंच नाव घातलं नाही. असिस्टंट मॅनेजर मी त्या वर्षी झालो नाही. माझ्या अप्रेझलमध्ये तीन कमबॅक लागले. अबू नासेर सलालाहला जाऊन आले आणि येताना आमच्यासाठी शहाळी आणि वेलची केळी घेऊन आले, सोबत त्यांच्या बहिणीचा निरोप, की गाडीत झोप चांगली लागली.

लिस्ट गेली त्याच रविवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत रफिकभाई माझ्याशेजारी येऊन बसले. डबा उघडला, बांगड्याचा एक तुकडा माझ्या भातावर ठेवला आणि म्हणाले, "सावंत, एक सांगू? पहिल्याच दिवशी माझ्या हाताला लागला होता तो गंज. बुश सरकवताना. मला वाटलं, बार काढायला हवा. पण कार्डावर तेवढा टाइम नव्हता, म्हणून सोडलं."

महिनाभर गाडीच्या पुढच्या अंगाचे निम्मे पार्ट बदलले होते आम्ही.

"अहो, मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी कसं सांगणार?" त्यांनी शांतपणे काटा काढून डब्याच्या झाकणात ठेवला. "आधी लिस्ट गेली नव्हती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. ज्याचं दोन वर्षांचं सगळं एका कागदावर लटकलं आहे, तो आपली चूक आपल्या तोंडाने कशी सांगेल? मला तर फक्त एका खुर्चीची भीती होती आणि तरी मला मवालेहच्या सिग्नलपर्यंत विचार करावा लागला होता. बांगडा चांगला होता. आम्ही दोघांनी तो संपवला.

पुढे मी असिस्टंट झालो, मग मॅनेजरही. नवीन क्यूसी आला की मी त्याला दोन गोष्टी सांगतो. गाडी धुवायच्या आधी चालव. आणि मेकॅनिककडून खरं ऐकायचं असेल, तर आधी त्याचं नाव लिस्टमध्ये जाऊ दे.